मोडीत घालण्याआधी ती भांडी एकदा मांडून बघा

महोदय,

नवरात्राच्या आधी घरोघरी माळे उपसले जातात आणि भांड्यांच्या दुकानांसमोर मोडीची पोती उभी राहतात. काट्यावर चढलं की घंगाळ, गडवा, समई, मापटं सगळ्यांचा हिशेब सारखाच: पितळेचा किलोचा भाव, त्यातून लोखंडी कडीची आणि मळाची घट वजा. घडणावळ शून्य. सपाट पत्र्यातून हातोडीने तो आकार उठवणाऱ्या तांबटाच्या कामाचा एक रुपयाही त्यात धरलेला नसतो. या पत्रातून एवढंच सांगायचं आहे की त्या ढिगातल्या निदान चार वस्तू बाजूला काढा, नीट स्वच्छ करा आणि घरात येता-जाता दिसतील अशा मांडा. त्यातला आनंद रोजचा असतो आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. माहिती मात्र लागते, कारण शंभर वर्षं टिकलेली वस्तू चुकीच्या साफसफाईने एका दुपारीत बिघडते.

घरातल्या जिनसा मांडून दाखवण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. चैत्रगौरीपुढे पायऱ्या रचून त्यावर घरातली चांगली भांडी, खेळणी, मूर्ती मांडायच्या, आंब्याची डाळ नि पन्हं देऊन बायकांना ती आरास दाखवायची, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्पिढ्या केलं आहे. हीच नजर मोठी करत नेली की काय उभं राहतं ते पुण्याच्या बाजीराव रस्त्यावर पाहायला मिळतं. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवू लागले आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीने त्यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपं, वज्र्या (अंघोळीला पाय घासायच्या), करंडे गोळा केले. १९७५ मध्ये हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं मोठेपण यात आहे, की तिथल्या बहुतेक वस्तू कुणा ना कुणाच्या स्वयंपाकघरातून किंवा देवघरातून आलेल्या आहेत. त्यांची भावंडं आजही माळ्यावर असू शकतात.

वस्तू ठेवायची की नाही हे ठरवण्याआधी ती हातात घेऊन बघायला हवी. तांब्याचं जुनं भांडं खिडकीपाशी तिरपं धरा. अंगावर ओळीने छोटे चपटे ठोके दिसले तर ते मठारकाम. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी या कामासाठी ओळखली जाते. तापवून मऊ केलेला पत्रा हातोडीच्या ठोक्यांनी कडक होतो, म्हणून पातळ पत्र्याचं भांडंही चेपत नाही. शोभा मागाहून येते, आधी ती मजबुती आहे. ठोक्यांच्या रांगा तळाच्या मध्यापासून गोल फिरत वर चढतात, आणि कारागिराचा हात सरावलेला असेल तर दोन रांगांमधलं अंतर काठापर्यंत फारसं बदलत नाही. मग आत बोट फिरवा. अनेक जुन्या भांड्यांत तळ आणि बाजू जोडणारा सांधा दातेरी असतो: एका पत्र्याचे दात दुसऱ्यावर आलटून पालटून बसवून वर पितळी डाग, म्हणजे वितळवलेल्या पितळेची झाळ, दिलेला. तांब्याच्या लाल अंगावर ती पिवळी नागमोडी रेघ स्पष्ट दिसते. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला असा सांधा लागतच नाही.

काठाखाली नाव घातलेलं असेल तर ते भांडं मोडीत घालायचा विचारच सोडावा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या त्या ओळीत लग्न झालेल्या मुलीचं नाव, देणाऱ्याचं नाव, गाव आणि बहुधा साल असतं. शके असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते फाल्गुन या काळातली तिथी असेल तर ७९), इसवी सन मिळतो. अक्षरं झिजली असतील तर खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत अगदी आडवा टाका. तरीही लागलं नाही, तर पातळ बटर पेपर घट्ट धरून त्यावरून मऊ शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवा. कागदावर उमटलेला ठसा डोळ्यांपेक्षा जास्त वाचून देतो. कुटुंबाच्या इतिहासाचा इतका सरळ पुरावा कागदपत्रांतही सहसा सापडत नाही, आणि ‘नवं करून देतो’ म्हणणारा पॉलिशवाला तो दोन मिनिटांत चाकावर पुसून टाकतो.

नव्याने जमवायला लागणाऱ्याला आमचा आग्रह असतो की एकच धागा धरा. मिळेल ते घेत गेलं की घराचं गोदाम होतं. धान्याची मापं हा सुरुवातीला फार चांगला विषय आहे. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं आली आणि ही जुनी मापं दुकानांतून मागे पडली, पण घरांत ती अजून तांदळाच्या डब्यात सापडतात. भागाभागात नावं नि प्रमाणं बदलतात, तरी सर्वसाधारण चढण अशी: दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. शेरापर्यंत प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट. आता आकार तोच ठेवून माप दुप्पट करायचं तर उंची आणि तोंड दोन्ही साधारण १.२६ पटीने वाढावी लागतात. निळवं ६ सेंटिमीटर उंच असेल तर कोळवं साडेसात, चिपटं साडेनऊ आणि मापटं १२ सेंटिमीटर भरतं. म्हणजे तीन पायऱ्या वर गेलं की उंची बरोबर दुप्पट. एका ओळीत लावल्यावर ही मापं डोळ्याला इतकी गोड का वाटतात त्याचं कारण या प्रमाणात आहे.

संच जुळतो का हे पाहायला तांदूळ पुरतात. लहान माप भरा, शीग न लावता पट्टीने काठाशी सपाट करा, मोठ्यात ओता, पुन्हा एकदा तसंच करा. मोठं माप काठाशी भरलं तर दोन्ही एका हिशेबाची. थोडा फरक चालतो, पण चमचा-दोन चमच्यांपेक्षा जास्त पडला तर मापं वेगवेगळ्या गावची किंवा वेगवेगळ्या संचातली आहेत असं समजावं. तळाशी किंवा काठावर तपासणीचे ठसे असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवा. एखादं माप मिळालं नाही तर तिथे नवं आणून बसवू नका. जागा मोकळी ठेवा. जुन्या बाजारात हिंडताना डोळ्यांपुढे ती मोकळी जागा असते, आणि कोळवं शेवटी हाती लागतं त्या दिवशीचा आनंद ज्याने जमवलं आहे त्यालाच ठाऊक.

आता साफसफाई, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. चिंच-मीठ, लिंबू, आमसूल यांनी पितळ लखलखतं हे खरं. रोज वापरायच्या भांड्याला ते ठीक, जपायच्या वस्तूला नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटाने जस्त आधी निघून जातं आणि पृष्ठभागावर तांबूस-गुलाबी चट्टे राहतात. ते पुन्हा पिवळे होत नाहीत, घासलं तर तेवढा धातू जातो. मिठातला क्लोराइड बारीक खड्ड्यांत राहिला तर पुढच्या पावसाळ्यात तिथून हिरवा कळंक वर येतो. राख, रांगोळी, वीटकर आणि खरखरीत पावडर यांनी चकाकी येते ती ओरखड्यांमुळे. नक्षीतल्या मोराच्या पिसावरची कोरीव रेघ अशा घासण्याने दरवर्षी थोडी थोडी उथळ होत जाते. शिवाय पावडर नक्षीत अडकून पांढरी पडते ती वेगळीच.

आम्ही सुचवतो ती पद्धत कंटाळवाणी आहे, पण सुरक्षित आहे. आधी फोटो, उंची, तोंडाचा व्यास, वजन. मग रंगाच्या मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा. तीन-चार रिठे कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा आणि त्या पाण्यात सुती कापड बुडवून, पिळून, थोडा थोडा भाग पुसत जा. समईच्या तबकात आणि मळसूत्रात (स्क्रूसारख्या आट्यांत) हिरवा मेणचट थर असतो. तेलातल्या आम्लांनी तांबं खाऊन तो तयार झालेला असतो. तो बांबूच्या काडीने किंवा टूथपिकने उकरा, सुरीने नको. शेवटचं पुसणं बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने करा, कारण बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. लगेच सुती कापडाने कोरडं करून पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा.

पोकळ वस्तू पाण्यात कधी बुडवू नये. समईवरचा हंस, लामणदिव्याचा हत्ती, पोकळ मूठ यांत बारीक भोकातून पाणी शिरतं, आत महिनोन् महिने राहतं आणि मग सांध्यातून हिरवं होऊन झिरपतं. जुन्या घंगाळांचा आणि परातींचा काठ पुष्कळदा लोखंडी तारेवर पत्रा गुंडाळून वळवलेला असतो. आत ओल गेली की तार गंजते, फुगते आणि काठ फाटतो. समईचं मळसूत्र अडकलं असेल तर पक्कडीने पिरगाळू नका. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा, सकाळी दोन्ही भाग कापडात धरून आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि मग उलट फिरवा. खोबरेल तेल इथे नकोच. त्यावर धूळ बसते, ते चिकट होतं आणि त्यातली आम्लं पुन्हा तोच हिरवा थर तयार करतात.

पूर्ण कोरड्या वस्तूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (जतनकामात वापरतात त्या खनिज मेणाचा) अगदी पातळ हात द्यावा आणि दहा मिनिटांनी मऊ कापडाने चोळावं. जाड लावलं तर धूळ धरतं. कोरड्या हवेच्या गावात एकदा लावलेलं वर्षभर पुरतं, किनारपट्टीला पावसाळ्याआधी आणि नंतर असं दोनदा लागतं. बाजारातला लॅकरचा फवारा टाळा. तो एकसारखा बसत नाही, दोन-तीन वर्षांत सुटतो, आणि सुटलेल्या कडेखालून काळे डाग पसरत जातात. मांडायच्या भांड्याला कल्हईही करू नये. कल्हईसाठी भांडं तापवावं लागतं, त्यात शंभर वर्षांची रंगछटा जाते आणि शिशा-कथलाचा जुना डाग वितळून सांधा सुटू शकतो. ज्यात स्वयंपाक करायचा आहे त्या भांड्याला मात्र कल्हई हवीच.

जुन्या तांब्या-पितळेचा तपकिरी, मधाळ रंग म्हणजे मळ नव्हे. तो धातूवर बसलेला घट्ट थर आहे आणि खालच्या धातूला जपतो. तो राखायचा. धोक्याचा, म्हणजे धातूला लागलेल्या रोगाचा, रंग वेगळा: फिकट, पोपटी, पिठासारखा, खड्ड्याखड्ड्यांतून वर येणारा. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत जुन्या काशाच्या आणि पंचरशी (मिश्रधातूच्या) वस्तूंवर तो दिसतो. शंका आली तर ते पीठ ब्रशने झाडून वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात, शेजारी ओला टिपकागद ठेवून, एक दिवस ठेवा. त्याच जागी पुन्हा पोपटी ठिपके आले तर रोग जिवंत आहे. मग ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करा, सिलिका जेलच्या पुड्या घालून कोरड्या डब्यात बंद करा आणि संग्रहालयात काम करणाऱ्या जतनतज्ज्ञाला दाखवा. यावरची रसायनं विषारी आहेत, घरी प्रयोग करायची ती गोष्ट नाही.

मांडणीत पहिला विचार वजनाचा. १८ मिलिमीटर प्लायची फळी तीन फुटांच्या वर आधाराशिवाय नेली की भरल्या भांड्यांखाली झोळ धरते. दर दोन-अडीच फुटांवर आधार द्या किंवा पुढच्या कडेला उभी पट्टी मारा. घंगाळ, हंडा, बंब नेहमी खाली. काचेच्या फळीवर करंडे, चुनाळी, अडकित्ते एवढंच. लामणदिव्याचा हूक स्लॅबमध्ये नीट बोल्ट बसवून घ्या, पीओपीच्या छताला नव्हे, आणि टांगण्याआधी साखळीची प्रत्येक कडी आतल्या बाजूने तपासा. कडीवर कडी घासते तिथे ती निम्मी झिजलेली असू शकते. नवीन प्लायवूड, एमडीएफ आणि ताजं पॉलिश यांतून आम्लाची वाफ सुटत राहते. बंद काचेच्या कपाटात ती कोंडते आणि वस्तू काळवंडतात, म्हणून नवं कपाट तीन-चार आठवडे उघडं ठेवून मगच भरावं. खाली लोकर किंवा रबर अंथरू नये. दोन्हींतल्या गंधकाने चांदी आणि तांबं काळं पडतं. धुतलेलं, न रंगवलेलं सुती कापड उत्तम.

उंचीच्या बाबतीत संग्रहालयाची नक्कल करू नका. तिथे लोक उभे असतात, म्हणून वस्तूचा मध्य जमिनीपासून १४५-१५० सेंटिमीटरवर ठेवतात. घरात आपण बसलेले असतो. बैठकीच्या खोलीत ११० ते १२० सेंटिमीटरच ठेवा, म्हणजे चहा पितानाही कोरीव काम दिसतं. मागची भिंत मॅट हवी: तांब्याला गडद निळी किंवा राखी, पितळेला मातकट. दिवा पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचा, वरून थोडा तिरपा. समोरून टाकला की नक्षी सपाट दिसते. दोन वस्तूंमध्ये निदान अर्ध्या वस्तूइतकी मोकळी जागा सोडा. दहा-बारा वस्तू बाहेर आणि बाकीच्या कापडात गुंडाळून आत, आणि सणागणिक अदलाबदल, ही आमच्या मते सर्वांत सुखाची पद्धत. गुंडाळायला वर्तमानपत्र मात्र वापरू नका (संपादकांनी माफ करावं), त्याच्या आम्लाने धातू डागाळतो. वस्तूवर चिकटपट्टी लावून नंबरही टाकू नये. सुती दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी.

गडव्याला भोक पाडून टेबललॅम्प, घंगाळावर काच टाकून टीपॉय, समईचा दांडा कापून मेणबत्तीदाणी: असले ‘उपयोग’ आज घरसजावटीच्या दुकानांत सर्रास दिसतात. भोक एकदा पडलं की पडलं. तो पत्रा पुन्हा अखंड होत नाही. दिवाच हवा असेल तर भांड्याच्या आत बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवता येतो.

परदेशातल्या मुलांना आजीची समई नेऊन देण्याआधी कायदा पाहून घ्यावा. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि वस्तू तेवढी जुनी नसली तरी तशी दिसत असेल तर कस्टम्स भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला मागू शकतं. शंभर वर्षांहून जुन्या धातूच्या मूर्ती घरात असतील तर त्यांची नोंदणी करावी लागते. साध्या भांड्यांना ती नोंदणी लागत नाही. हस्तिदंती फणी किंवा डबी असेल तर ती विकण्याचा विचारही करू नये, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

शेवटी एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. या वस्तूंची नावं आणि वापर सांगणारी पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे. गावोगावी एकाच वस्तूला वेगळी नावं आहेत आणि ती पुस्तकांतून सगळी सापडत नाहीत. आपल्या रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एका अनोळखी घरगुती वस्तूचा फोटो छापावा. सोबत उंची, व्यास, वजन, धातू आणि ती ज्या तालुक्यात मिळाली त्याचं नाव द्यावं, आणि तिला काय म्हणत, ती कशाला वापरत, हे वाचकांना विचारावं. उत्तरं पुढच्या आठवड्यात, सांगणाऱ्याच्या गावासह. फोटो वरून एक, बाजूने एक आणि तळाचा एक असे तीन हवेत, शेजारी पट्टी ठेवून. तळाचा फोटो लोक नेमका विसरतात, आणि ठसा, डाग, नाव यांतलं पुष्कळ काही तिथेच असतं.

आपला,
एक संग्राहक, पुणे